ऑर्किडबरोबर आलेला राखणदार

मंडळी, हॅनोव्हरला आलात की हेरेनहाउझेनची बेर्गगार्टेन बाग जरूर पाहा. १६६६ साली राजवाड्याचा भाजीचा मळा म्हणून सुरू झालेली ही बाग आता ऑर्किडसाठी प्रसिद्ध आहे.

काचघरात ऊब असते, पाऊस नसतो. म्हणजे लाल कोळ्याला रान मोकळं! टाचणीच्या टोकाएवढा हा जीव पानामागून रस शोषतो, आणि सारखं फवारलं की औषधाला दाद देईनासा होतो. त्यावरचा उतारा ऑर्किडबरोबरच आला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस चिलीहून जर्मनीत आणलेल्या ऑर्किडवर त्याला खाणारा दुसरा कोळी, फायटोसियुलस, सापडला. आज तो वाढवून जगभरच्या काचघरांत सोडतात.

आपल्या तळेगावच्या गुलाबांच्या पॉलिहाउसमध्येही लाल कोळी हीच डोकेदुखी. तिथे बंदिस्त जागेत पाठीवर पंप घेणारा माणूस औषध श्वासातही घेतो. गावी कुणाचं पॉलिहाउस असेल तर एवढं सांगा: दर आठवड्याला भिंगानं पानं तपासा, कीड थोडी असतानाच मित्रकोळी सोडा, त्याला मारणारी औषधं थांबवा, हवा दमट ठेवा, कोरड्या हवेत त्याची अंडी वाळतात. आणि कीड पार संपवायला जाऊ नका. आम्हा इंजिनियरांना हे पटायला जड जातं, पण शत्रू संपला की राखणदारही उपाशी मरतो.