बांधकामावरील तंटे

चामटोलीच्या परिसरात, उल्हास नदीच्या या खोऱ्यात, बांधकाम करणाऱ्याच्या वर्षाची खरी मुदत पावसाळाच ठरवतो. 27 जुलै 2019 रोजी गावानजीक महालक्ष्मी एक्स्प्रेस सुमारे 1050 उतारूंसह पुरात अडकून पडली, तो प्रसंग ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना मृगापूर्वी जोते उरकण्याची निकड सांगावी लागत नाही. आणि बांधकामावरील बहुतेक तंटे या निकडीच्या दिवसांतच पेट घेतात.

हे तंटे माणसांच्या तापट स्वभावातून उद्भवतात, अशी सार्वत्रिक समजूत आहे. या व्यवसायात आयुष्य वेचल्यावर माझे मत निराळे झाले आहे: जेथे एकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते आणि ती सीमा कोणीही आखून दिलेली नसते, तेथेच तंट्याचे मूळ असते. सेंट्रिंगवाल्याला आपल्या प्लेटा आणि टेकू लवकर मोकळे हवे असतात, कारण ते वरच्या मजल्यावर चढल्यावाचून त्याच्या कारागिरांची मजुरी निघत नाही. उलट अभियंत्याला, साधे पोर्टलँड सिमेंट असले तरी, भारतीय मानक 456 नुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखाली 7 आणि त्याहून मोठ्या गाळ्याखाली 14 दिवस टेकू राखणे प्राप्त असते. दोघांचेही म्हणणे रास्तच. तसेच, सळया बांधून झाल्यावर वायरमन पाइप टाकतो, त्याच्या पायाखाली जाळी दबते, आणि ओतकामाच्या दिवशी फिटर व तो परस्परांवर आळ घेतात.

अशा वेळी उभयपक्षांना कार्यालयात न बोलावता प्रत्यक्ष जागेवर न्यावे, टेकू, सळई आणि फीत समोर ठेवून रुजवात घ्यावी, मुकादमाला त्याच्या माणसांदेखत कमीपणा येईल असा शब्द उच्चारू नये, आणि टेकू किती दिवस राहतील, त्या दिवसांचे भाडे कोणाच्या अंगावर पडेल, दबलेली जाळी कोण उचलून देईल, हे वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मजुराच्या खर्चीची तक्रार मात्र एक दिवसही तुंबू देऊ नये. ज्याच्या घरी चूल आठवड्याच्या पैशावर पेटते, त्याला धीर धरण्याचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दर ठरविताना आपण जी घासाघीस करतो, तिच्यातील थोडा वेळ जरी करारनाम्यात कामांच्या सीमा लिहिण्यात खर्च केला, तरी मुदतही पाळता येईल आणि पुढच्या हंगामात तीच माणसे आपण होऊन कामावर हजर होतील.