निळी नळी

आम्ही सत्तरच्या दशकात लहानपणीच मधुमेह जडलेली मुलं. आमची शुगर आकड्यात नव्हे, रंगात असायची. पाच मिली निळं बेनेडिक्ट द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर दोन मिनिटं. निळीच राहिली तर सुटलो, हिरवी म्हणजे थोडी, पिवळी म्हणजे बरीच, आणि विटकरी झाली की घर गप्प व्हायचं. आई नळी खिडकीशी धरायची. आजी म्हणायची, "हिरवीच आहे गं." वडील म्हणायचे, "नीट बघ, पिवळ्याकडे झुकलीय." मग शेवटी मला विचारायचे, कारण लहान पोराची नजर तेज. मी सांगेन तो रंग वहीत चढायचा.

आता दंडावर नाण्याएवढा सेन्सर आहे. दर थोड्या मिनिटांनी फोनवर आकडा येतो, शुगर चढतेय की उतरतेय हे सांगणारा बाणही येतो. कुणाला हाक मारावी लागत नाही, कुणाशी वाद होत नाही. मध्यरात्री शुगर उतरली तर तोच मला उठवतो. तेव्हा आई उठवायची, कपाळावरच्या घामाला हात लावून.

त्या नळीची आठवण काढताना मला स्वतःला आवरावं लागतं. ती उशिरा बोलायची. रक्तातली शुगर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरतच नाही, आणि नळीत दिसायची ती काही तासांपूर्वीची. निळ्या नळीच्या सकाळी मी १७० वर असेन किंवा ६० वर, घरात सगळे सारखेच खूश. अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ टाइप वन रुग्णांवरचा मोठा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला: सुरुवातीपासून शुगर काटेकोर ठेवली, तर डोळ्याच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो. तो वाचला तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या तोवर त्या विटकरी सकाळींचा हिशेब मांडून बसल्या होत्या.

आणि पडदा दुखत नाही, हीच मोठी फसगत. "दिसतंय ना नीट? मग झालं," असं आम्हाला सांगितलं जायचं, आणि आम्हीही ते मानायचो. तो अभ्यास वाचल्याच्या पुढच्या वर्षी एका सकाळी डाव्या डोळ्यात काळा धागा तरंगू लागला, दुपारपर्यंत त्याचं कोळिष्टक झालं. नाजूक नवी रक्तवाहिनी फुटली होती. डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून बाकावर बसवलं. डोळे उघडायचे नाहीत, अशी ताकीद. वडिलांनी खिशातला रुमाल चौपदरी घडी करून माझ्या डोळ्यांवर ठेवला आणि हात तसाच धरून राहिले. नंतर लेझर: हिरवे लखलखाट, एकेका बैठकीला शेकडो. मला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं त्याच १९७६ साली सिद्ध झालं होतं, की वेळेवर लेझर मारला तर नजर पार जाण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. माझी नजर त्यानंच राखली. कडेचं आणि अंधारातलं मात्र थोडं घेतलं. दिवे गेले की मी आजही जिन्याची पायरी पायानं चाचपतो.

आता निदानाला काही वर्षं झाली, की मुलांच्या पडद्याचा नियमित फोटो काढतात, पुष्कळदा थेंबही न घालता. पडद्याला सूज असेल तर स्कॅनमध्ये थर अन् थर दिसतो, डोळ्यात इंजेक्शन देऊन ती उतरवता येते. ज्या मुलांना हे मिळतं त्यांना माझ्यासारखा धागा दिसू नये, एवढीच माझी इच्छा. अनेकांना अजून मिळत नाही, आणि त्याचा मला राग येतो.

तरी त्या खिडकीशी जमलेल्या तीन डोक्यांची आठवण जात नाही. आजार माझा होता, पण बघायचं सगळ्यांनी.

गेल्या महिन्यात वर्षाची तपासणी होती. माझ्या जुन्या डोळ्यांना अजून थेंब लागतात. बाकावर बसलो होतो, बाहुल्या मोठ्या झालेल्या, समोरचं सगळं पांढरं. तेवढ्यात फोन वाजला. आकडा आला होता, पण मला दिसेना. डोळ्याजवळ नेला, लांब धरला, तरी दिसेना. शेजारी दहा-बारा वर्षांची मुलगी आईबरोबर बसली होती. तिच्या फ्रॉकच्या बाहीखाली माझ्यासारखाच सेन्सर असावा, कारण तो आवाज तिनं लगेच ओळखला.

"काका, मी बघू?" तिनं फोन हातात घेतला. "८२. आणि बाण खाली आहे."

मग आईच्या पिशवीत हात घालून तिनं ग्लुकोजचा पुडा काढला, आणि मला दिसत नाही हे लक्षात ठेवून माझी मूठ उघडून दोन गोळ्या तिच्यात ठेवल्या.