मोरोक्कोच्या पंगतीला बसण्यापूर्वी

मोरोक्कोला तुम्ही प्रथमच निघाला असाल आणि घरात कोणाला मधुमेह असेल, तर औषधांच्या पेटीबरोबर एक शब्दही सोबत घ्या : ‘ब्ला सुक्कर’, म्हणजे साखरेविना. आम्हांला तो उशिरा कळला. माझ्या यजमानांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. फेस शहराच्या जुन्या वस्तीत उतरलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी पुदिन्याच्या चहाचे पाच पेले घेतले. पेले लहान, देणारे प्रेमळ, नाही म्हणवेना. रात्री ग्लुकोमीटरने २९० आकडा दाखविला, तेव्हा आमचे दोघांचेही चेहरे उतरले.

हा चहा होतो कसा, हे ठाऊक असले तर ही चूक टळते. बारीक गोळ्यांसारखा वळलेला चिनी हिरवा चहा, ताज्या पुदिन्याची भली मोठी जुडी आणि साखर ही सारी मंडळी किटलीतच एकत्र येतात. साखर तेथे शंकूच्या आकाराच्या ढेपेतही मिळते. ती फोडून मोठाले खडे किटलीत टाकतात. मग किटली उंच धरून, फेस येईल अशा बेताने, चहा पेल्यात ओततात. सांगायचा मुद्दा असा, की पेला हाती आल्यावर ‘साखर कमी घाला’ म्हणण्यात अर्थ नसतो. किटली विस्तवावर चढण्यापूर्वीच बोलले पाहिजे. संकोच मात्र करू नका. या आजाराला तेथील लोकही साखरेच्याच नावाने ओळखतात. दुसऱ्या दिवशी आम्ही कारण सांगितले, तेव्हा आमच्या अतिथिगृहातील स्वयंपाकीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि आपल्या आईलाही तेच असल्याचे सांगितले.

त्या बाईंनीच आम्हांला तेथील जेवण खऱ्या अर्थाने शिकविले. मोरोक्कोच्या ताटात प्रथम येतात त्यांना ‘सॅलड’ म्हणतात, पण त्यांतील बहुतेक शिजविलेल्या भाज्या असतात. वांगी आणि टोमॅटो लसूण-जिऱ्यासह शिजवून घोटलेले ‘झालूक’ चाखले, की तुम्हांला भरिताची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. भाजलेल्या ढोबळी मिरच्यांची ‘तक्तूका’, जिरे आणि लिंबू लावलेले गाजर, ऑलिव्ह. हे सर्व लहान लहान बश्यांतून येते. प्रवासात कच्च्या कोशिंबिरीची धास्ती वाटते, ती येथे बरीचशी उरत नाही. शिवाय भाज्या आधी आणि पाव नंतर, हा क्रम मधुमेहींच्या हिताचाच आहे.

पावाच्या बाबतीत मात्र सावध असा. ‘खोब्ज’ हा गोल, जाडसर पाव तेथे चमच्याचे काम करतो. उजव्या हाताने त्याचा तुकडा मोडायचा आणि त्यानेच रस्सा, भाजी उचलायची. त्यामुळे किती पाव पोटात गेला याचा हिशेब लागत नाही. आम्ही अर्धा पाव आधीच वेगळा काढून ठेवू लागलो. फेसच्या गल्ल्यांतून अजूनही मुले घरी मळलेल्या पिठाचे गोळे फळीवर घेऊन मोहल्ल्याच्या सामायिक भट्टीकडे जाताना दिसतात. त्या गल्ल्यांत मोटार शिरत नाही, तेव्हा जेवणानंतरची शतपावली आपोआप घडते.

‘ताजिन’ हे भांड्याचेही नाव आणि पदार्थाचेही. मातीचे उथळ भांडे, वर शंकूसारखे झाकण, खाली कोळशाची मंद आच. वाफ झाकणाला लागून थंडावते आणि पुन्हा अन्नावरच ठिबकते. म्हणून पाणी फारसे घालावे लागत नाही. खारवलेले लिंबू आणि कोंबडीचे मांस, किंवा मनुका-जर्दाळूंसह मटण, हे नेहमीचे प्रकार. दुसरा प्रकार गोड असतो, हे लक्षात असू द्या.

तुम्ही शाकाहारी असाल तर आणखी एक प्रश्न अवश्य विचारा. भाज्यांचे ताजिन किंवा ‘हरीरा’ नावाचे मसूर, हरभरे व टोमॅटोचे दाट सूप मागविले, तरी त्यात मांसाचा रस असू शकतो. ‘मांस नको’ एवढे पुरत नाही. पाणी कशाचे वापरले, हे विचारावे लागते. त्यापेक्षा सकाळी ‘बिसारा’ घ्यावा. वाळलेल्या बाकल्याच्या दाण्यांचे हे घट्ट वरण ऑलिव्हचे तेल आणि जिरेपूड घालून वाढतात. थंडीच्या दिवसांत कष्टकरी माणसांचा हा नाश्ता. मला स्वतःला तो हॉटेलातील साऱ्या पक्वान्नांहून आवडला.

शुक्रवार हा कुसकुसचा दिवस. रव्याला पाणी आणि पीठ लावून हाताने वळलेले बारीक कण, मोदकपात्राची आठवण करून देणाऱ्या दुमजली भांड्यात दोन-तीनदा वाफवितात. खालच्या भांड्यात भाज्या आणि मांस शिजत असते. २०२० मध्ये युनेस्कोने मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया या चार देशांची ही परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदविली. कुसकुस गव्हाचेच, तेव्हा मधुमेहींनी बेतानेच घ्यावे. ग्रामीण भागांत जवाचेही मिळते; विचारून पाहावे.

निघण्याच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता. बाईंनी आम्हांला आपल्या घरी नेले. मध्ये एकच मोठी परात, भोवती सारे कुटुंब. प्रत्येकाने आपल्या समोरचा भाग खायचा, दुसऱ्याच्या बाजूला हात न्यायचा नाही. पाहुण्याच्या पुढ्यात मात्र यजमान चांगले तुकडे सरकवितात. बाईंनी यजमानांपुढे कोबी, सलगम आणि हरभऱ्यांचा ढीग केला आणि कुसकुस अलगद आपल्या मुलाकडे ओढून घेतले. शेवटी दोन किटल्या आल्या. लहान किटलीतून त्यांचा पेला भरीत बाई म्हणाल्या, “ब-स्सहा.” तुमच्या आरोग्यासाठी, असा त्याचा अर्थ. रात्रीचा आकडा १४८ होता.