परमिट एकाच्या नावावर, खांबावर दुसरा

11 केव्हीच्या लाइनवर चढण्याआधी काय काय करायचं, हे वीज वितरणातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेल. उपकेंद्रातून फीडर बंद करून परमिट घ्यायचं. ब्रेकरवर ‘माणसे काम करीत आहेत’ ही पाटी अडकवायची. जागेवर जाऊन एबी स्विच उघडायचा, त्याला कुलूप घालायचं. डिटेक्टर लावून लाइन खरोखर डेड आहे का ते बघायचं आणि मग डिस्चार्ज रॉडने तिन्ही तारा अर्थ करायच्या, त्याही कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना. दोन्ही बाजूंना का, तर पुढच्या वस्तीत कुणीतरी चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर लावलेला असतो. ट्रान्सफॉर्मरला उलटसुलट कळत नाही. एका बाजूने तो 11,000 व्होल्टचे 433 करतो, तसेच दुसऱ्या बाजूने 433 चे 11,000 करतो.

हे सगळं पाठ असलेली माणसं मरतात. अपघातानंतरच्या अहवालात कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच वाक्य असतं: संबंधित कर्मचाऱ्याने सुरक्षेची दक्षता घेतली नाही. आधी लाइनवर आणि नंतर खरेदी विभागात नोकरी झाल्यामुळे मी या वाक्याकडे दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की, चौकशी खांबाच्या पायथ्याशी सुरू होते हेच चूक आहे. ती दोन वर्षं मागे जाऊन निविदेच्या फाइलपासून सुरू व्हायला हवी.

आधी परमिटचंच बघू. ते घेण्याचा अधिकार कंपनीच्या तंत्रज्ञाला असतो. कंत्राटदाराच्या माणसाला नसतो, आणि ते बरोबरच आहे. पण जूनच्या पहिल्या वादळात एका संध्याकाळी सात गावांचे फोन येतात, तेव्हा त्या गावांना मिळून तंत्रज्ञ एकच असतो. बाकी कंत्राटदाराच्या गाडीतली पोरं. मग परमिट तंत्रज्ञाच्या नावावर निघतं, तेही मोबाइलवरून, आणि चढतो दुसराच. त्याच फीडरवर चार किलोमीटर पुढे आणखी एक टोळी काम करत असते. पहिल्याचं काम झालं की तो उपकेंद्राला फोन करतो, ‘झालं आमचं, घ्या चालू करून.’ यंत्रचालकाच्या वहीत दोन्ही परमिटं ओळीने लिहिलेली असतील तर दुसरी टोळी वाचते. पाळी बदलताना एक सांगायचं राहिलं तर नाही वाचत.

उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर 6 जुलै 1988 रोजी मुळात हेच झालं. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता आणि ते काम बाहेरच्या ठेकेदाराच्या माणसांकडे होतं. संध्याकाळपर्यंत व्हॉल्व्ह परत बसला नाही, म्हणून पाइपाच्या उघड्या तोंडावर ब्लँक फ्लँज लावून ठेवला. पंपाचं परमिट वेगळं होतं, व्हॉल्व्हचं वेगळं. पाळी बदलली. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा ड्युटीवरच्यांना पंपाच्या परमिटबद्दल माहीत होतं, व्हॉल्व्हबद्दल नव्हतं. त्यांनी पंप सुरू केला आणि सैल फ्लँजमधून वायू सुटला. 167 माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात 106 शिफारशी होत्या आणि त्यानंतर जगभर परमिटची पद्धत बदलली. नोकरीला लागलेल्या प्रत्येक अभियंत्याला मी हे प्रकरण वाचायला लावते. ते वाचून बहुतेक जण वायुगळतीबद्दल बोलतात, ठेकेदाराबद्दल क्वचितच कुणी.

आपल्याकडे तर ठेकेदाराशिवाय पान हलत नाही. उंचाहारच्या औष्णिक केंद्रात 1 नोव्हेंबर 2017 रोजी 500 मेगावॉटच्या नव्या संचाच्या बॉयलरपाशी दुर्घटना होऊन 40 हून अधिक माणसं गेली. त्यांत कंत्राटी मजूर मोठ्या संख्येने होते. वितरणात चित्र थोडं वेगळं दिसतं. इथे ठेकेदार बदलतो, पोरं तीच राहतात. दोन वर्षांनी नवी एजन्सी येते, टी-शर्टचा रंग बदलतो, ओळखपत्रावरचा लोगो बदलतो. कुठल्या डीपीची कुठली फ्यूज सारखी जाते, कुठल्या शेतातून पावसाळ्यात गाडी निघत नाही, हे सगळं त्या पोरांना ठाऊक असतं. पण कागदावर प्रत्येक जण पुन्हा नवा. अनुभव शून्य, प्रशिक्षणाची नोंद जुन्या एजन्सीकडे, आणि ती एजन्सी आता फोन उचलत नाही.

आता निविदेच्या लिफाफ्यांकडे येऊ. ते दोन असतात, एक तांत्रिक आणि एक दराचा. पहिल्यात पात्र ठरले की सगळे सारखे, आणि मग ज्याचा दर सर्वांत कमी, तो एल-वन. या पद्धतीला नावं ठेवणं सोपं आहे, मी ठेवणार नाही. लोकांच्या पैशाचा कारभार आहे. एल-वन नसेल तर काम कुणाच्या भाच्याला जाईल, हे या राज्यात समजावून सांगायची गरज नाही. पण मनुष्यबळाच्या निविदेत किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, ईएसआयसी ही सगळी रक्कम कायद्यानेच बांधलेली असते. स्पर्धेला उरतं ते फक्त सेवाशुल्क. त्यात एखादा जवळजवळ शून्य लिहितो आणि काम घेऊन जातो. फुकट धंदा कुणी करत नसतं. पगार बँकेत जमा होतो आणि त्यातला ठरलेला भाग महिनाअखेर रोखीने परत द्यावा लागतो. कंत्राटदाराने वेतन थकवलं तर ते मूळ मालकाने द्यावं, असं 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने सांगितलं; पण इथे पगार जमा झाल्याचा बँकेचा कागद फाइलला व्यवस्थित लागलेला असतो. उरलेला नफा निघतो बूट, हेल्मेट आणि बेल्टमधून. तीन पोरांत एक सेफ्टी बेल्ट, तोही तपासणीच्या दिवशी गाडीतून बाहेर येणारा.

हातमोज्यांची गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे, कारण त्यात कुणाची लबाडी नाही. विद्युतरोधक रबरी हातमोज्यांचे वर्ग असतात. क्लास शून्य 1,000 व्होल्टपर्यंत वापरायचा, क्लास दोन 17,000 पर्यंत आणि त्याची चाचणी 20,000 व्होल्टवर होते. व्होल्टेज वाढेल तसं रबर जाड होत जातं. पूर्वी आमच्याकडे सगळ्यांसाठी एकच जात घेतली जायची, क्लास दोन. एक वस्तू, एक दर, एक ऑर्डर, खरेदीला सोयीचं. शिवाय जास्त व्होल्टचा घेतला म्हणजे जास्त सुरक्षा, असं कुणालाही वाटेल. एकदा एका जुन्या वायरमनने ते घालून माझ्यासमोर एलटी, म्हणजे कमी दाबाच्या, लाइनच्या जंपरचा नट आवळून दाखवायचा प्रयत्न केला. नट दोनदा खाली पडला. ‘मॅडम, ह्यात पान्हा धरता येतो. नट नाय धरता येत.’ म्हणून खालच्या दाबाच्या कामाला सगळे मोजे काढून चढत, आणि आपल्याकडे घराघरांत जाणारी लाइन तीच. घरातला आरसीसीबी 30 मिलिअँपिअरला ट्रिप होतो, कारण त्यापुढे हृदयाचा भरवसा नाही. 230 व्होल्टला ‘हलका करंट’ म्हणणारे लोक मला अजून भेटतात.

मोजा वापरण्याआधी मनगटाकडून गुंडाळत आत हवा कोंडायची आणि कानाशी धरून कुठे सुस्कारा येतो का ते ऐकायचं, ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. टाचणीएवढं भोक असलं तरी मोजा बाद. रबराला ऊन आणि तेल चालत नाही, आणि मोजे राहतात मोटरसायकलच्या डिकीत, पकड आणि तेलाच्या डब्याशेजारी. दर सहा महिन्यांनी विद्युत चाचणी करायची असते. ती कुणी करायची, कुठे, आणि तोपर्यंत त्या माणसाने कुठले मोजे घालायचे, हे खरेदीच्या ऑर्डरमध्ये लिहिलेलं नसेल तर ते कुणाचंच काम नसतं.

पुरवठादार आणि अपघात यांचा संबंध तारेतही आहे. आमच्या तारांना जनावरांची नावं आहेत: स्क्विरल, विझल, रॅबिट, डॉग. ही पद्धत इंग्रजांची, पण आता खेड्यातला पोरगाही ‘रॅबिट टाका, विझल पुरत नाही’ म्हणतो. रॅबिटमध्ये मधोमध पोलादाचा एक पेड आणि भोवती अॅल्युमिनियमचे सहा. प्रत्येकाचा व्यास 3.35 मिलिमीटर. भांडारात आलेल्या ड्रममधला पेड मायक्रोमीटरमध्ये धरला आणि 3.25 आला तर डोळ्याला काहीच दिसत नाही, पण अॅल्युमिनियम सहा टक्के कमी झालेलं असतं. तार जास्त तापते, झोळ वाढतो, वाऱ्यात दोन फेज चिकटतात, फॉल्ट येतो. पिन इन्सुलेटरला भट्टीत राहिलेली केसाएवढी चीर पहिल्या पावसात पाणी पिते आणि लोखंडी खांबात करंट उतरतो. खराब मालाने नुसता वीजपुरवठा खंडित होत नाही. प्रत्येक फॉल्टला रात्री कुणीतरी खांबावर चढतं आणि तो चढणारा पुन्हा एल-वनचाच माणूस असतो. दोन्ही निविदा एकाच मजल्यावर, शेजारच्या टेबलांवर निघतात आणि ही दोन टेबलं या विषयावर एकमेकांशी कधी बोलत नाहीत.

अपघातांवर कार्यालयाला सुचणारा उपाय म्हणजे दंड. करारात कलम घाला: अपघात झाला की इतकी रक्कम कापणार, दोन झाले की काळ्या यादीत. ऐकायला कडक वाटतं. घडतं असं की, अपघात कमी न होता त्यांचे कागद कमी होतात. पोराचा हात भाजतो आणि कंत्राटदार खासगी दवाखान्यात नेऊन सांगतो, ‘घरी भाजलं म्हण.’ आमच्या तक्त्यात वर्षभर शून्य. मृत्यू लपवता येत नाही, विद्युत निरीक्षकाला कळवावाच लागतो. म्हणून कित्येकदा आम्हाला एखाद्या एजन्सीचा पहिला अपघात कळतो तो थेट मृत्यूचाच. त्याआधीचे शॉक, तुटलेले बेल्ट, थोडक्यात वाचलेले प्रसंग कुठेच नसतात. थोडक्यात वाचलेला प्रसंग स्वतःहून कळवणाऱ्या एजन्सीला पुढच्या निविदेत गुण द्यावेत, असं मी एका बैठकीत सुचवलं, तेव्हा एका वरिष्ठांनी विचारलं, ‘म्हणजे जो जास्त चुका करेल त्याला काम द्यायचं का?’ प्रश्न वाटतो तेवढा हास्यास्पद नाही, त्याचं उत्तर कलमाच्या शब्दांत बसवणं अजून आम्हाला जमलेलं नाही.

एक गोष्ट मात्र जमली. सुरक्षेची साधनं आणि त्यांच्या चाचण्या आम्ही दराच्या स्पर्धेबाहेर काढल्या. त्या ओळीपुढे दर आधीच छापलेला असतो, कुणी कमी-जास्त लिहू शकत नाही, आणि पैसे मिळतात ते चाचणीचा दाखला आणि जुना, बाद झालेला मोजा परत जमा केल्यावरच. क्लास शून्य आणि क्लास दोन अशा दोन वेगळ्या ओळी घातल्या. पहिल्याच वर्षी लेखा विभागाचा शेरा आला: हातमोज्यांचा खप मागील वर्षांच्या तुलनेत अवाजवी वाढला असून त्याचा खुलासा करावा. खुलाशासोबत मी भांडारात जमा झालेल्या फाटक्या मोज्यांची यादी जोडली आहे. फाइल अजून वरच आहे.