दुधीचं लग्न आणि तुझी गवार

कन्नड,
वैशाख

प्रिय तू,

तुझ्या पत्रातल्या त्या 'थंड सोफी'ची आमच्या घरात फार चर्चा झाली, तुला सांगते. म्युनिककडे 15 मेला तिचा दिवस पार पडेपर्यंत टोमॅटोची रोपं बाहेर लावत नाहीत, एखादी रात्र अचानक गोठवून जाते, हे मी मोठ्याने वाचून दाखवलं, तर आईचा चेहराच उतरला. "मग पोर तोवर खाते तरी काय?" आता तू तिकडे दोन मुलांची आई आहेस, पण आईच्या लेखी अजून तीच, डब्यात गवार दिसली की तो हळूच माझ्याकडे सरकवणारी!

आणि आमच्याकडे 15 मे म्हणजे टोमॅटो उरकल्यातच जमा. पारा पस्तिशीच्या पुढे गेला की त्याचे परागकण निकामी व्हायला लागतात. फुलं येतात आणि गळून जातात. सध्या तर दुपारी चाळिशी ओलांडली आहे. तू रात्रीच्या थंडीवर डोळा ठेवून बसतेस, मी दुपारच्या उन्हावर. इतक्या लांब राहून आपण दोघी पुन्हा एकाच उद्योगाला लागलो, याचं मला इतकं बरं वाटतं ना!

मागचं अंगण तुझ्या डोळ्यांसमोर असेलच. हौदाशेजारची ती जागा, जिथे तुझ्या सायकलीचं जे काही झालं ते झालं (पुढचं लिहीत नाही, रुसशील). तिथे आता भेंडी आहे. भिंतीकडेला दोडका आणि दुधी, मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, कढीपत्त्याच्या सावलीत पुदिना. गवारीचा एक छोटा वाफा आहे, तोही सांगून टाकते. भेंडी-गवार माघातच पेरली, म्हणजे ऊन चढायच्या आत मुळं खाली गेलेली असतात. अक्षय तृतीयेला आईने आळी करून काकडीचं आणि कारल्याचं बी टाकलं. अण्णांनी कोपऱ्यात अद्रकाचं थोडं बेणं लावलं. कन्नडला राहायचं आणि अद्रक विकत आणायचं, हे त्यांना पटत नाही.

तुला वाटेल, एवढ्या उन्हात हे जगतं कसं? तुला सांगते, उन्हाळ्यात पिकवणं हा एक भाग, जपणं हा त्याहून मोठा. शिवना नदी कोरडी पडली आहे, नळ रोज येत नाही. म्हणून घरात एक बादली ठेवली आहे, तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं सगळं पाणी तिच्यात. दादाची लेक त्या बादलीची मालकीण. परवा पाहुण्यांनी फुलपात्रातलं उरलेलं पाणी मोरीत ओतलं, तर ही कमरेवर हात ठेवून त्यांना म्हणाली, "काका, ते दोडक्याचं होतं." काका बिचारे चहा घेईपर्यंत गप्प होते.

वाफ्यांवर गव्हाचं काड अंथरलंय, म्हणजे सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत मातीत राहतं. वर आईच्या जुन्या सुती साड्या बांधल्या आहेत. ती लिंबोणी रंगाची, तुझ्या साखरपुड्यात आई नेसली होती ना, ती आता मिरचीच्या डोक्यावर आहे. आणि काठ फुटलेले माठ आम्ही गळ्यापर्यंत पुरले. त्यांत पाणी भरून झाकणी ठेवायची. मातीच्या अंगातून ते लागेल तेवढंच झिरपतं आणि मुळं तिकडे आपसूक वळतात. ही युक्ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथातही लिहिलेली आहे, हे कळल्यापासून अण्णा माठ भरताना जरा ताठ उभे राहतात.

अण्णांची खरी गोष्ट मात्र दुधीची. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, आणि निसर्गात त्याचा पराग वाहायचं काम रात्रीच्या पतंगांचं. आमच्याकडे यंदा पतंग फिरकेनात. शिवाय ऊन फार झालं की वेलावर नर फुलंच जास्त येतात. मादी फूल क्वचित, देठाशी इवलासा दुधी घेऊन आलेलं. ते दिसलं की अण्णांची धांदल बघावी. दिवेलागणीला बॅटरी घेऊन निघतात, नराचं फूल खुडून त्याच्या पाकळ्या मागे सारतात आणि त्यातला पराग मादी फुलाला हलकेच टेकवतात. हा दुधीचा लग्नमुहूर्त. त्या वेळी घरात टीव्ही बंद! आई ओट्यावरून विचारते, "लागलं का लग्न?" अण्णा म्हणतात, "सकाळी कळेल." सकाळी नाही, तीन-चार दिवसांनी कळतं. तो इवलासा दुधी पिवळा पडला नाही आणि फुगायला लागला की समजायचं. मग अण्णा स्वतः जाऊन शेजारच्या मावशींना सांगून येतात. मावशींचा हक्कच आहे, कारण वेल निम्मा त्यांच्या गच्चीवर गेलाय. पलीकडे धरलेले दुधी त्यांचे, असं न बोलता ठरलंय. त्यांच्याकडून वाटीभर सांडगे येतात, तेही न बोलता.

भेंडी कशी आहे विचारलं होतंस. छान आहे. पिवळं फूल, मध्ये गडद तांबडा डोळा, सकाळी उमलून संध्याकाळी मिटतं, आणि पाच-सहा दिवसांत कोवळी भेंडी हातात. एक दिवस आड तोडावीच लागते, नाहीतर ती निबर होते आणि झाडही सुस्तावतं. पांढरी माशी पानांवर बसली की केवडा येतो, शिरा पिवळ्या पडतात आणि झाड कामातून जातं. म्हणून आम्ही 'परभणी क्रांती'चं बी घेतलं. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने 1980च्या दशकात भेंडीचा रानातल्या भावकीशी संकर करून हे वाण काढलं, केवड्याला सहजासहजी दाद न देणारं. तवा तापवून, लसूण-मिरची घालून ही भेंडी परतली की मला तू आठवतेस. तुझ्या फ्रीजमधली ती गोठवलेली पाकिटं आठवली की मात्र जीव कासावीस होतो.

आणि घोळ! तिला कुणी पेरलं नाही. पाण्याच्या वाटेवर आपली आपण उगवली. मी तण म्हणून उपटायला बसले, तर आईने पदरात गोळा करून नेली. मुगाची डाळ घालून केलेली तिची आंबूस भाजी आणि ज्वारीची भाकरी, अशा उन्हात दुसरं काही नको वाटतं.

आई आता बियांच्या मागे आहे. प्रत्येक वेलावरचं एक फळ ती बियांसाठी राखते, त्याला सुताचा दोरा बांधते. तो बांधला की कुणीही हात लावायचा नाही. वाळलेलं बी राखेत घोळवून डब्यात जातं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तुला माहीत असतील, गावठी बियाण्यांची बँक उभी करणाऱ्या, 2020 साली पद्मश्री मिळालेल्या. टीव्हीवर त्यांना पाहिलं तेव्हा आई काही बोलली नाही. उठली, फडताळातले डबे काढले आणि एकेकावर नाव लिहायला लावलं मला. आजवर घरात कुणी विचारलं नव्हतं ते काम एवढं मोलाचं आहे, हे तिला त्या दिवशी दिसलं. तिचा तो चेहरा तुला दाखवायला हवा होता गं.

परवा गौताळ्याच्या जंगलाकडून वानरं आली होती. काकडीचे कोवळे शेंडे खाऊन गेली. अण्णा म्हणाले, डोंगरात पाणी आटलं असणार, नाहीतर कशाला उतरतील? आणि हौदाशेजारी एक घमेलं भरून ठेवलं. मी मनातल्या मनात काकडीचा हिशेब करत होते, तेवढ्यात हे ऐकलं. वेल पुन्हा फुटेल. अण्णांचा तो स्वभाव या अंगणात सगळीकडे पाझरतो आहे आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

आता कामाचं. तुला बी पोस्टाने पाठवता येत नाही, नियम आडवे येतात हे तूच लिहिलंस, त्यामुळे गवारीचं बी तुझ्या नावाच्या डबीत इथेच आहे. मृगाचा पाऊस झाला की पेरेन म्हणते. गवारीला शेंगा धरायला दीडेक महिना लागतो. तेव्हा श्रावणात येणार असशील तर तिकीट आधी काढ आणि तारीख लगेच कळव, म्हणजे मला पेरणीचा दिवस ठरवता येईल. आणि या वेळी डबा माझ्याकडे सरकवायचा नाही, सांगून ठेवते.

तुझीच,
मी