मालगुंडचा पाऊस

कोकण पाहावे ते मे महिन्यात, आंब्या-फणसांच्या दिवसांत, असे आम्हांला सगळ्यांनी बजावले होते. पण मुलीला बंगळूरला नोकरी लागली, एक ऑगस्टला रुजू व्हा असे पत्र आले, आणि सौभाग्यवतीने फर्मान काढले, "ती जायच्या आधी तिघांनी मिळून एक प्रवास करायचा." कुठे जायचे ते मात्र मी ठरवले. नागपूरच्या एका कॉलेजात मी वीस वर्षे केशवसुत शिकवतो आहे, आणि त्यांचे मालगुंड मी अजून पाहिलेले नव्हते! मायलेकींनी या निवडीचे फार उत्साहाने स्वागत केले असे म्हणवत नाही. पण जुलैच्या मध्यावर आम्ही रत्नागिरीत दाखल झालो.

आम्हां नागपूरकरांना पाऊस ठाऊक आहे तो गडगडाट करून येणारा आणि तासाभरात ऊन पाडून जाणारा. आमच्याकडे वर्षाकाठी सुमारे ११०० मिलिमीटर पडतो. रत्नागिरीला ३००० हून अधिक. हा हिशेब मी गाडीत बसल्या बसल्या ऐकवला, तेव्हा कन्या म्हणाली, "म्हणजे बाबा, आपण पैसे खर्चून तिप्पट भिजायला आलो!"

सकाळी प्रथम थिबा राजवाडा पाहिला. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेऊन त्याला पदच्युत केले आणि मद्रासमार्गे १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. हा वाडा त्याच्यासाठी १९१० मध्ये उभा राहिला. आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. आता तिथे वस्तुसंग्रहालय आहे. योगायोग असा, की याच रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेत! माझ्यातला प्राध्यापक या वाक्यावर खूश होऊन थांबला. पण सौभाग्यवती समुद्राच्या दिशेने दिसणाऱ्या पांढऱ्या पडद्याकडे पाहत होती. "त्या राणीला हा पाऊस कसा वाटला असेल हो?" ती म्हणाली. मंडाले ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यात येते. तिथला पाऊस नागपूरपेक्षाही कमी. मी हे सांगितले, पण तिला आकडा नको होता.

पुढे आरे-वारेचा रस्ता लागला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. घाटीच्या माथ्यावर ड्रायव्हरदादांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "वाईच थांबा, सर जाऊ दे." वीस वर्षे 'सर' ऐकण्याची सवय असल्यामुळे मी मुकाट्याने दार उघडून उतरायला निघालो. मायलेकी इतक्या हसल्या, की सर येऊन गेली तरी त्यांचे हसणे ओसरेना. मला भिजवून ती पावसाची सर मात्र खरोखरच निघून गेली, आणि क्षणभर सगळे लख्ख झाले. जांभ्याच्या काळपट कातळावर हिरवे गवत, खालच्या खाचरांत गुडघाभर चिखलात भातलावणी, आणि पलीकडे गढूळ, खवळलेला समुद्र. गणपतीपुळ्याला दर्शन घेऊन एका घरगुती खानावळीत गरम भाकरी आणि कुळथाचे पिठले खाल्ले. "आपल्या झुणक्याचा हा कोकणातला मावसभाऊ," असा निर्वाळा सौभाग्यवतीने दिला.

तिथून मालगुंड जवळच. कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच आपले केशवसुत, १८६६ साली इथे जन्मले. कोकण मराठी साहित्य परिषदेने इथे त्यांचे स्मारक उभारले. १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आम्ही त्या घरात शिरलो, आणि पाऊस पुन्हा कोसळू लागला. पागोळ्यांची झालर दारापुढे लागली.

आता एक कबुली दिली पाहिजे. 'तुतारी' शिकवताना माझे एक ठेवणीतले वाक्य आहे: 'समुद्राची गाज ऐकत वाढलेल्या या मुलाच्या कानात तुतारी बालपणीच वाजली होती.' गेली वीस वर्षे विद्यार्थी हे वाक्य उत्तरपत्रिकेत उतरवत आले आहेत. माझ्या कन्येनेही शाळेत असताना ते निबंधात लिहिले होते. त्या ओसरीवर ती कान देऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, इथे समुद्र कुठे ऐकू येतो?"

मी ऐकले. पाऊस तेवढा ऐकू येत होता.

तिने टोमणा मारला नव्हता. पण माझे वाक्य तिथेच वाहून गेले. आणि मग जे मी वर्गात नुसते सनावळीसारखे सांगत आलो होतो, ते आठवू लागले. हा मुलगा इथे राहिला तरी किती? शिक्षणासाठी बडोदे, वर्धा, काही काळ आमचे नागपूर, मग पुणे. पोटासाठी मुंबई, खानदेश, शेवटी धारवाडला शिक्षकाची नोकरी. १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गाठले, तेव्हा वय अवघे एकोणचाळीस. 'नैऋत्येकडील वाऱ्यांस' नावाची त्यांची एक कविता आहे. जन्मभूमीच्या आठवणीने व्याकुळ होऊन लिहिलेली. नैऋत्येचा वारा म्हणजे हाच, आमच्यापुढे कोसळणारा पाऊस समुद्रावरून घेऊन येणारा. सह्याद्रीला अडून तो आपले बरेचसे ओझे कोकणातच टाकतो आणि हलका होऊन देशावर जातो. तिकडे दूरच्या गावी एका शिक्षकाने तो अंगावर घेतला आणि त्याला घर आठवले. परीक्षेला येत नाही म्हणून ही कविता मी वर्षानुवर्षे ओझरती सांगून पुढे गेलो होतो.

परतीच्या वाटेवर कन्या माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपली. लहानपणानंतर बहुधा प्रथमच. गाडीत कोणी फारसे बोलले नाही. सौभाग्यवतीने आपली शाल काढून तिच्या पायांवर घातली.

ऑगस्टमध्ये बंगळूरहून फोन आला. खोली बरी आहे, जेवण बरे आहे, फक्त वारा फार आहे म्हणाली. "कुठल्या दिशेचा?" मी विचारले. "पश्चिमेचा असेल. का हो?" "काही नाही, सहज," मी म्हणालो, आणि फोन तिच्या आईकडे दिला.

दुसऱ्या दिवशी वर्गावर गेलो. 'तुतारी' शिकवली, माझे ते वाक्य गाळले. तास संपायला दहा मिनिटे होती, म्हणून वाऱ्यांची ती कविता काढली आणि सावकाश, शेवटपर्यंत वाचली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ही परीक्षेला आहे का?"

"नाही," मी म्हटले, "पण पुढेमागे लागेल."