ठासणीची बंदूक

काल रात्रीही रानडुकरांनी तुरीचे दोन तास उलथवले. जागलीहून परतलो, झोप येईना, म्हणून मोबाइलवर जुनी ठासणीची बंदूक शोधत बसलो. एका परदेशी विक्रेत्याकडे वापरलेली रायफल दिसली. लाकडी दस्ता, नळीखाली गज. तिकडे हौशी शिकारी तोंडाकडून दारू आणि गोळी गजाने ठासतात, एक बार काढला, की पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या जऊळका गावात बसून ती परवान्याशिवाय मागवणं म्हणजे थेट गुन्हा. 1959च्या शस्त्र कायद्यानुसार ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. पीक संरक्षणासाठी तो मिळू शकतो, पण अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, चौकशी पोलिसांकडे. वापरलेली बंदूक घ्यायची तरी घेणारा परवानाधारक हवा. शिवाय 1972च्या वन्यजीव कायद्यानुसार शौकाच्या शिकारीला बंदी आहे. पीक उद्ध्वस्त करणारं डुक्कर मारायलाही वनखात्याची परवानगी लागते.

सकाळी आबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "एक बार काढशीन, अन् दुसरा भरेलोक डुक्कर पार नाल्यापलीकडे जाईन. रोज कोन जागते, हे त्याले समजते."

खरं सांगायचं तर मला डुकराची शिकार नकोच होती. रात्री हातात काहीतरी असल्याचा धीर हवा होता. मोबाइल खिशात टाकला आणि आबांचा जुना पत्र्याचा डबा, काठी व बॅटरी उचलली. बांधावरच्या मचाणाची दोरी आज बदलायची आहे.